तंबाखू विकता? मग तपासणी येण्याआधी दुकान असं तयार ठेवा

माझ्या वडिलांची एसटी स्टँडासमोर पानपट्टी होती. पत्र्याची, एक माणूस मांडी घालून बसेल एवढीच. उजव्या हाताला चुना-कात, डाव्या हाताला सिगारेटची पाकिटं, डोक्यावर पुड्यांच्या माळा आणि बाजूच्या खिळ्याला कायम धुमसणारी सुतळी. शाळा सुटली की मी गल्ल्यावर बसायचो. तेव्हा मी बारा-तेरा वर्षांचा होतो आणि यात काही चुकीचं आहे असं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे मी तंबाखू नियंत्रणाच्या जिल्हा पथकासोबत काही वर्षं समाजसेवक म्हणून फिरलो. त्यामुळे गल्ल्याच्या आतली बाजूही मला माहीत आहे आणि बाहेर पावतीपुस्तक घेऊन उभं राहणाऱ्यांचीही.

या फिरण्यात एक गोष्ट वारंवार दिसली. दुकानदाराच्या डोक्यात कायदा म्हणजे दोनशे रुपयांची पावती. ‘आले की देऊन टाकायचे’ असा हिशोब. तो हिशोब चुकीचा आहे. दोनशेची पावती फक्त एका कलमापुरती असते, आणि त्याच दुकानात त्याच क्षणी तुरुंगवासाची तरतूद असलेले आणखी तीन-चार कायदे लागू होऊ शकतात. म्हणून हा लेख मी किराणा, पानपट्टी, स्टेशनरी, चहाची टपरी चालवणाऱ्यांसाठी लिहितोय. यातलं बहुतेक काम अर्ध्या दिवसात होतं आणि खर्च एखाद-दोन पाट्यांचा.

आधी एवढं समजून घ्या: कोण येतं, कशासाठी येतं

मुख्य कायदा 2003 सालचा, सिगारेट आणि इतर तंबाखू उत्पादनांचा. बोलताना सगळे त्याला ‘कोटपा’ म्हणतात. त्यात फक्त सिगारेट-विडी येते असं समजू नका. खायची तंबाखू, जर्दा, तपकीर, तंबाखूची मशेरी हे सगळं त्यात आहे. मशेरी अनेक घरांत दात घासायची पूड म्हणून जाते आणि किराणा दुकानात साबणाच्या शेजारी ठेवलेली असते. तरीही कायद्याच्या दृष्टीने ती तंबाखूच.

तपासणीला वेगवेगळी माणसं येऊ शकतात. जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाचं पथक, महापालिका किंवा नगरपालिकेचे आरोग्य निरीक्षक, पोलिस, अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी. शाळेचे मुख्याध्यापक आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी यांनाही शाळेजवळच्या आणि अल्पवयीनांना होणाऱ्या विक्रीबद्दल दंड करण्याचा अधिकार दिलेला आहे. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. जिल्ह्याचं पथक बहुधा एकटं येत नाही. आरोग्य, पोलिस आणि अन्न-औषध अशी तिन्ही खात्यांची माणसं एकाच गाडीतून उतरतात. म्हणजे एकाच भेटीत तीन प्रकारच्या चुका पाहिल्या जातात.

झडती मात्र कुणीही घेऊ शकत नाही. दुकानात शिरून माल तपासणं, जप्त करणं हा अधिकार पोलिस उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या पोलिसाला, अन्न-औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्याला किंवा सरकारने तसा अधिकार दिलेल्या समकक्ष अधिकाऱ्याला असतो. हा फरक लक्षात असू द्या, पुढे कामाला येईल.

पहिलं काम: अंतर मोजा

शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूची विक्री चालत नाही. 100 यार्ड म्हणजे 91.44 मीटर. आता भांडण कुठे होतं ते सांगतो. दुकानदार रस्त्याने पावलं मोजतो आणि म्हणतो, ‘दीडशे मीटर आहे साहेब.’ पण नियमात अंतर रस्त्याने मोजायचं नाहीच. शाळेच्या कुंपणाच्या किंवा आवाराच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत, चारही बाजूंना, वर्तुळासारखं मोजायचं आहे. मुख्य फाटक कुठे आहे याचा त्याच्याशी संबंध नाही.

एका गावात मी स्वतः टेपचं एक टोक धरून उभा होतो. दुकान शाळेच्या मागच्या गल्लीत. फाटकापर्यंत चालत जायचं तर पूर्ण वळसा, दीडशे मीटरच्या पुढे. पण शाळेची मागची भिंत दुकानाच्या पायरीवरून समोर दिसत होती. टेप सरळ ओढला तर साठ मीटरही भरेनात. दुकानदार भला माणूस, खोटं बोलत नव्हता. त्याला मोजायची पद्धतच कुणी सांगितली नव्हती.

तुम्ही फोनवरच्या नकाशात अंतर मोजण्याची सोय वापरा. दुकानाच्या दारापासून जवळच्या प्रत्येक शाळा-कॉलेजच्या सर्वांत जवळच्या भिंतीपर्यंत रेघ ओढा. आकडा नव्वदच्या आसपास आला तर फोनवर विसंबू नका, टेप घेऊन मोजा, आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना सोबत बोलवा. दोघांच्या सहीचा कागद दुकानात ठेवा.

अंतर कमी भरलं तर? मग तिथे तंबाखू विकता येत नाही, एवढंच. ‘माझं दुकान शाळेच्या आधीपासून आहे’ हे मी शंभर वेळा ऐकलंय. कायद्यात जुन्या दुकानासाठी अशी सूट लिहिलेली नाही. ‘शाळा सुटल्यावरच विकतो’ यालाही अर्थ नाही, कारण नियम जागेचा आहे, वेळेचा नाही. उरलेला माल ठोकवाल्याला परत करा किंवा हद्दीबाहेरच्या दुसऱ्या दुकानात हलवा. बंद पेट्या पोटमाळ्यावर ‘फक्त ठेवलेल्या’ असल्या तरी पथक आलं की त्या विक्रीसाठी नाहीत हे पटवून देणं अवघड होतं.

दुसरं काम: सगळा माल खाली काढा

एका दुपारी गिऱ्हाईक कमी असताना तंबाखूचा सगळा माल खाली उतरवा. माळा, बरण्या, गल्ल्याखालचा डबा, मागची गोणी, सगळं. मग वाटण्या करा.

एका बाजूला बंद पाकिटं आणि पुड्या ज्यांवर चित्रासह इशारा आहे. 2016 च्या एप्रिलपासून पाकिटाच्या मुख्य बाजूंचा 85 टक्के भाग या इशाऱ्याने व्यापलेला हवा. त्यात चित्र असतं, मजकूर असतो आणि तंबाखू सोडण्यासाठीचा 1800-11-2356 हा नंबरही असतो. पाकीट हातात घेतलं आणि आधी ब्रँडचं नाव डोळ्यांत भरलं, तर ते पाकीट संशयास्पद आहे. चोरट्या मार्गाने येणारी परदेशी सिगारेट बहुतेकदा अशीच दिसते. देखणं पाकीट, सोनेरी अक्षरं, इशारा नाहीच किंवा कोपऱ्यात इंग्रजीत एक बारीक ओळ. ‘इम्पोर्टेड आहे, मार्जिन चांगलं आहे’ म्हणून कुणी आणून देत असेल तर घेऊ नका. इशारा नसलेला माल विकण्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसऱ्यांदा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि तीन हजारांपर्यंत दंड. माल तुम्ही बनवलेला नाही, ही सबब विकणाऱ्याला वाचवत नाही.

दुसऱ्या बाजूला सुटं. महाराष्ट्रात सप्टेंबर 2020 पासून सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला बंदी आहे. कारण सरळ आहे. इशारा पाकिटावर असतो. पाकीट फोडून एक सिगारेट हातावर ठेवली की घेणाऱ्याच्या नजरेला तो इशारा पडतच नाही. शिवाय पाकीट परवडत नाही ते कोवळं पोर एकच घेऊन सुरुवात करतं. मला पूर्ण कल्पना आहे की टपरीचा रोजचा गल्ला या सुट्यावरच उभा असतो. आमच्याही घरात दूध त्याच पैशांतून यायचं. पण नियम नियम आहे, आणि पथकाला सर्वांत लवकर दिसणारी चूक हीच. फोडलेलं पाकीट, ग्लासात उभ्या केलेल्या सिगारेटी, बाजूला लटकवलेला लायटर. गिऱ्हाइकाला छोटं बंद पाकीट दाखवा. ‘एक नाही मिळणार’ हे पहिले आठ-दहा दिवस सांगावं लागतं, मग लोक मागायचं थांबतात. पोत्यातून किंवा डब्यातून काढून वजनावर देण्याची सवय असेल तर तीही सोडा, त्या कागदाच्या पुडीवरही कसलाच इशारा नसतो.

तिसऱ्या बाजूला जे महाराष्ट्रात विकताच येत नाही ते. गुटखा, पानमसाला, सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, आणि जागेवर घोटून दिलेला मावा किंवा खर्रा. जुलै 2012 मध्ये गुटखा-पानमसाल्यावर बंदी आली, ती अन्नसुरक्षा कायद्याखाली. तो आदेश एका वेळी एका वर्षापुरताच काढता येतो, म्हणून दरवर्षी नव्याने काढला जातो. वर्षाची मुदत संपली असं ऐकून कुणी माल भरायला सांगितलं तर बळी पडू नका. पश्चिम महाराष्ट्रात मावा आणि विदर्भात खर्रा हा जणू त्या त्या भागाचा रिवाज झालाय. प्लास्टिकच्या पिशवीत सुपारी, तंबाखू, चुना टाकून हातावर घासला की तयार. पण तुम्ही तो घासता तेव्हा तुम्ही विक्रेते राहत नाही, बनवणारे ठरता. इथे दोनशेच्या पावतीवर भागत नाही. माल जप्त होतो, नमुने प्रयोगशाळेत जातात, पोलिसांत गुन्हा दाखल होतो, दुकानाला सील लागू शकतं.

याच वाटणीत ई-सिगारेट. पेनसारखी, पेन ड्राइव्हसारखी, रंगीत. 2019 पासून देशभर तिची विक्री, साठवण, जाहिरात सगळंच बंद आहे. पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसती साठवून ठेवली तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. कॉलेजजवळच्या स्टेशनरी आणि मोबाइल-ॲक्सेसरीच्या दुकानांना हा माल ‘फ्लेवरचं खेळणं’ म्हणून दिला जातो. नाही म्हणा.

पहिल्या बाजूचा माल तेवढा परत फळीवर जाईल. बाकीचा त्याच दिवशी दुकानाबाहेर काढा, आणि कुणाकडून घेतला होता ते वहीत लिहून ठेवा.

पाट्या

ही दोन वेगळी कामं आहेत आणि दुकानदार हमखास एकात एक करून टाकतात.

एक पाटी लावावीच लागते: अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकणं हा दंडनीय गुन्हा आहे, अशा मजकुराची. कमीत कमी 60 सेंटिमीटर बाय 30 सेंटिमीटर. प्रवेशाजवळ, सहज दिसेल अशी, मराठीत, आणि तंबाखूचे दुष्परिणाम दाखवणाऱ्या चित्रासह. फ्लेक्सवाल्याकडे माप सांगून करून घ्या. वहीच्या कागदावर पेनने लिहून चिकटवलेली पाटी मी खूप पाहिली. पावसाळ्यात ती गळून पडते आणि मापातही बसत नाही.

दुसरी पाटी ऐच्छिक आहे: इथे कोणत्या प्रकारचा तंबाखूमाल मिळतो हे सांगणारी. लावायची असेल तर 60 बाय 45 सेंटिमीटरपेक्षा मोठी नको आणि दोनपेक्षा जास्त नकोत. तिच्या वरच्या भागात 20 बाय 15 सेंटिमीटर जागेत पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत ‘तंबाखूमुळे कर्करोग होतो’ किंवा ‘तंबाखू जीवघेणी आहे’ अशा अर्थाचा ठरवून दिलेला इशारा हवा. खाली फक्त ‘सिगारेट, विडी, तंबाखू’ असं प्रकाराचं नाव. ब्रँडचं नाव नाही, पाकिटाचं चित्र नाही, मागून दिवा नाही.

आता कंपनीचा माणूस येऊन फुकट लावून जातो त्या चकचकीत पेटीबद्दल. आत ट्यूबलाइट, पाकिटांची रांग, ब्रँडच्या रंगात रंगवलेलं शटर, वर महिन्याला काहीतरी भाडं. ही जाहिरातच आहे आणि ती ज्या दुकानावर लागते ते दुकान अडचणीत येतं. जाहिरातीबद्दल पहिल्या दोषसिद्धीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुढच्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड. कंपनीचा माणूस म्हणेल, ‘सगळीकडे लावलंय.’ लावलं असेल. पण पंचनाम्यावर नाव तुमचं येतं. एका साध्या कागदावर ‘ही पेटी काढून न्या’ असं लिहून तारीख टाका, वितरकाची सही घ्या, आणि आठ दिवसांत नेली नाही तर स्वतः उतरवा. तंबाखूच्याच नावाने निघणारी वेलची किंवा माउथ फ्रेशनर यांचे फलकही याच नजरेने पाहा. आडवळणाची जाहिरातही कायद्यात बसते.

गल्ल्यावर काय घडतं

वरचं सगळं एकदा केलं की झालं. हे मात्र रोज, दर गिऱ्हाइकाला सांभाळायचं असतं, म्हणून इथे जरा थांबतो.

अठरा वर्षांखालच्या कुणालाही तंबाखू विकायची नाही. समोरचा सज्ञान आहे हे सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे. शंका आली तर वयाचा पुरावा मागायचा. ‘मला वाटलं मोठा आहे’ हे चालत नाही.

पथकासोबत फिरताना कळलं की अवघड प्रसंग कॉलेजच्या टगेगिरी करणाऱ्या मुलांचा नसतो. त्यांना ‘आधार दाखव’ म्हटलं की निम्मे निघून जातात. अवघड प्रसंग असतो तो एवढ्याशा पोरीचा. एका वाडीतल्या किराणा दुकानात मी बसलो होतो. आठ वर्षांची असेल, शाळेचा फ्रॉक, मुठीत घामाने ओली झालेली दहाची नोट. म्हणाली, ‘काका, आजीची मशेरी द्या.’ दुकानदाराचा हात सवयीने बरणीकडे गेला आणि तिथेच थांबला, कारण आदल्याच आठवड्यात आम्ही त्याच्याशी बोललो होतो. तो माझ्याकडे बघत राहिला. रोजची पोर, ओळखीचं घर, आजी खाटेवर. नाही म्हणायचं कसं?

कायद्यात ‘घरच्यांसाठी नेतेय’ अशी सवलत नाही. आणि इथे फक्त कोटपा नाही. बालन्याय कायदा, 2015 च्या 77 व्या कलमाप्रमाणे मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोनशेची पावती मनात धरून बसलेल्या दुकानदाराला मी हे कलम वाचून दाखवलं की तो गप्प व्हायचा.

त्या दुकानदाराने जे केलं ते मी पुढे सगळीकडे सांगत गेलो. तो म्हणाला, ‘बाळा, आजीला सांग, मी संध्याकाळी घरी जाताना आणून देतो. तू ही गोळी घे.’ पैसे परत तिच्या मुठीत ठेवले. संध्याकाळी वाट वाकडी करून आजीच्या हातात पुडी दिली आणि सुनेला सांगितलं, ‘उद्यापासून पोरीला पाठवू नका, फोन करा.’ महिनाभरात त्या आळीतल्या सगळ्या घरांना सवय लागली. गिऱ्हाईक एकही तुटलं नाही.

‘बाबांनी मागवलंय’ म्हणणाऱ्या मुलांना देण्यासाठी ठरलेलं एक वाक्य तयार ठेवा आणि गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला ते पाठ करायला लावा: ‘बाबांना पाठव, त्यांच्या हातात देतो.’ वाद नको, उपदेश नको, रागावणं तर नकोच. त्या पोराचा यात काही दोष नाही.

दुसरी गोष्ट, विकणाराही अठरा वर्षांचा हवा. नियमात अल्पवयीन मुलाने तंबाखूमाल हाताळायलाही मनाई आहे. दुपारी जेवायला जाताना दहावीतल्या मुलाला बसवणं, सुटीत भाच्याला बसवणं हे प्रत्येक छोट्या दुकानात होतं. माझ्याही बाबतीत झालं. बसवायचंच असेल तर तंबाखूचा सगळा माल एका कपाटात घाला, कुलूप लावा, किल्ली सोबत न्या. मुलगा साबण-बिस्किटं विकेल.

तिसरी गोष्ट मांडणीची. मुलांचा हात पोहोचेल, नजर सहज जाईल अशा ठिकाणी तंबाखू ठेवता येत नाही. दुकानात जाऊन गुडघ्यावर बसा आणि मुलाच्या उंचीवरून फळ्यांकडे पाहा. मी अनेक दुकानदारांना असं बसायला लावलं आहे. गोळ्यांच्या बरणीला टेकलेली पुड्यांची माळ तिथून बरोबर नाकासमोर येते. माळ काढा, मागच्या फळीवर, झाकणाच्या डब्यात ठेवा. केंद्र सरकारने 2017 साली राज्यांना लिहिलं होतं की तंबाखूविक्रीसाठी स्थानिक संस्थांनी वेगळा परवाना द्यावा आणि अशा दुकानात चॉकलेट, बिस्किटं, चिप्स असा मुलांना ओढणारा माल विकू देऊ नये. तुमच्या नगरपालिकेने तसा ठराव केला आहे का ते आरोग्य विभागात जाऊन विचारा.

आणि ती सुतळी. किंवा तारेला बांधलेला लायटर. हॉटेल, मॉल, छताखालच्या दुकानात धूम्रपानाला मनाई आहे आणि अशा जागी काडीपेटी, लायटर, ॲशट्रे पुरवायलाही 2008 च्या नियमांनी बंदी आहे. आत कुणी ओढत असेल आणि तक्रार येऊनही मालकाने दुर्लक्ष केलं, तर जेवढे ओढणारे तेवढा दंड मालकावर पडतो. सुतळी काढून टाका. आमच्या टपरीवरच्या सुतळीने एकदा ताडपत्री पेटली होती, ते मी अजून विसरलेलो नाही.

पथक दारात आलं तर

शांत राहा. शटर ओढू नका, माल मागच्या दाराने पळवू नका. पळवलेला माल सापडला की साधी चूक मोठी होते.

ओळखपत्र मागा. सभ्यपणे मागितलं तर खरा अधिकारी चिडत नाही. नाव, हुद्दा, कार्यालय वहीत लिहा. कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली तपासणी आहे ते विचारा.

अल्पवयीनाला किंवा शाळेजवळ विक्री केल्याची चूक दाखवली आणि ती खरी असेल, तर जागेवर दंड भरून प्रकरण मिटवता येतं. तो दोनशे रुपयांपर्यंतच असतो. पावती घ्या आणि तिच्यावर कलम, रक्कम, तारीख, अधिकाऱ्याची सही आहे का पाहा. एका बाजारपेठेत एका माणसाने ‘पावतीपुस्तक संपलंय’ म्हणून दुकानदाराकडून पाचशे घेतले होते. नंतर त्या दुकानदाराला ना दाद मागता आली, ना भरल्याचं दाखवता आलं. पावती नाही तर पैसे नाहीत. चूक मान्य नसेल तर दंड नाकारून न्यायालयात बाजू मांडण्याचा हक्क तुम्हाला आहे. अंतराबद्दल वाद असेल तर मुख्याध्यापकांच्या सहीचा कागद इथेच काढा.

माल जप्त होत असेल तर पंचनामा होतो. दोन पंच असतात, मालाची यादी होते. यादीतला प्रत्येक नग आणि संख्या स्वतः जुळवा आणि मगच सही करा. जुळत नसेल तर सहीच्या वर तसं लिहा. यादीची प्रत मागून घ्या. जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं आहे, तेव्हा मोबाइल तुमच्याकडे रोखलेला दिसला तर घाबरू नका, ते तुमच्याही बाजूचं आहे. गुटखा किंवा ई-सिगारेटची बाब असेल तर मात्र जागेवर तडजोड करायला जाऊ नका. त्याच दिवशी वकील गाठा.

तपासणी झाल्यानंतर

दाखवलेली चूक चोवीस तासांत दुरुस्त करा, फोटो काढा, तारखेसह जपून ठेवा. माझ्या अनुभवात पथक महिना-दोन महिन्यांत त्याच दुकानात परत डोकावतं, आणि दुरुस्ती केलेल्या दुकानदाराशी त्यांची बोलण्याची तऱ्हाच वेगळी असते.

एक वही ठेवा. तिच्यात तपासणीची तारीख, पावती क्रमांक, ठोकवाल्याची बिलं, परत केलेला माल, गल्ल्यावर बसणाऱ्यांची नावं आणि त्यांना नियम समजावल्याची सही. नवा पोऱ्या कामाला ठेवला तर पहिल्याच दिवशी त्याचं आधार पाहा. पंधराव्या वर्षी मिसरूड फुटलेली पोरं खूप असतात.

शेजारचा दुकानदार नियम मोडून तुमचं गिऱ्हाईक ओढत असेल तर भांडू नका. नगरपालिकेच्या आरोग्य विभागाला, जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखू नियंत्रण कक्षाला लेखी कळवा. ग्रामपंचायतीकडे ग्रामसभेत विषय मांडा आणि शाळेभोवती 100 यार्डांवर पिवळा पट्टा मारून घ्यायला सांगा. केंद्राच्या तंबाखूमुक्त शाळांच्या सूचनांमध्ये तसा पट्टा सुचवलेला आहे. रेघ जमिनीवर दिसली की अर्धे वाद मिटतात.

2016-17 च्या पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात असं आढळलं, आणि त्यातले बहुसंख्य ती ओढत नाहीत, खातात किंवा दाताला लावतात. म्हणजे तुमच्या रोजच्या गिऱ्हाइकांत, आणि कदाचित गल्ल्यामागेही, ती सोडायची इच्छा असलेला कुणीतरी आहेच. पाकिटावरचा 1800-11-2356 हा नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून, वर सेलोटेप मारून काउंटरवर चिकटवा. फोन फुकट लागतो. माझे वडील गेले तेव्हा हा नंबर पाकिटावर नव्हता.